दंडावरचे नाव: नाशिकमधील एका लेझर क्लिनिकचा अनुभव

गंगापूर रोडवरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये लेझरने टॅटू काढून देतात. माझ्या भाच्याचे उपचार गेल्या वर्षापासून तिथे चालू आहेत, आणि सोबतीला जाणारी व बहुतेक वेळा पैसे भरणारी मावशी या नात्याने मी ती सेवा जवळून पाहिली आहे. क्लिनिकचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही मांडल्या आहेत आणि त्यांतील बहुतेक तक्रारी या व्यवसायातील इतर ठिकाणीही लागू पडतील असा माझा अंदाज आहे. आधीच मत सांगायचे तर यंत्र चांगले आहे, डॉक्टर यंत्राहून चांगले आहेत आणि बाहेरचे काउंटर मात्र दोघांनाही शोभणारे नाही.

भाचा 19 वर्षांचा असताना हे सुरू झाले. सैन्यभरतीच्या तयारीसाठी तो पहाटे गोल्फ क्लब मैदानावर धावायला जातो, स्वभावाने शांत आहे आणि घरात कोणाला उलटून बोललेला नाही. अशा मुलाने एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, मित्रांसमोर, उजव्या दंडावर तिचे नाव ठळक काळ्या अक्षरांत गोंदवून घेतले आणि त्याला लाल बदामाची चौकट करून घेतली. तिला ते आवडेल की नाही, हे त्याने विचारले नव्हते. ती घाबरली, असे त्याने मला नंतर सांगितले. काही महिन्यांनी तिने बोलणे थांबवले, आणि त्यानंतरच्या एका रात्री या शांत मुलाने न्हाणीघराचे दार लावून मीठ आणि भांडी घासायची तारेची घासणी घेऊन ते नाव खरवडून काढायचा प्रयत्न केला. नाव गेले नाही. त्याच्या मधोमध चार बोटे रुंदीची जखम तेवढी झाली. घरच्यांना मैदानावर पडलो असे सांगून तो माझ्याकडे आला. त्याचे पहिले वाक्य होते, “मावशी, आईला सांगू नकोस, पण हे आजच्या आज काढायचंय.”

रागाचा रोख त्याने स्वतःकडे वळवला, मुलीकडे नाही, याचे मला वाईट वाटत असतानाच थोडे हायसेही वाटले, हे लिहिताना संकोच वाटतो. नकारानंतर तिच्या क्लासच्या दाराशी उभे राहणे, नव्या नव्या नंबरांवरून फोन करणे, मित्रांकरवी निरोप पाठवणे, हे प्रकार मुले प्रेमाच्याच खात्यावर टाकतात. भारतीय न्याय संहितेत, जी 1 जुलै 2024 पासून लागू झाली, कलम 78 खाली हा पाठलागाचा गुन्हा आहे आणि पहिल्या खेपेलाच 3 वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. भरतीची स्वप्ने पाहणाऱ्या मुलांना हे कोणीतरी आधी सांगायला हवे. पंचवटीत वाढलेल्या माणसाला तर ते वेगळे सांगायची गरज पडू नये. नकार पचला नाही म्हणून शूर्पणखा सीतेवर धावून गेली आणि लक्ष्मणाने तिचे नाक-कान कापले, ही कथा आपण तपोवनात पाहुण्यांना हौसेने सांगतो. तिच्यात दोन्ही बाजूंनी किती थोड्या वेळात मर्यादा सुटली, याकडे मात्र कोणी लक्ष वेधत नाही.

क्लिनिकमध्ये जाण्याआधी आम्ही दोन स्वस्त मार्ग तपासले. कॅनडा कॉर्नरजवळच्या एका टॅटू स्टुडिओत जुन्या नावावर नवे चित्र गोंदवून ते झाकून देतात. तिथला मुलगा कसबी होता आणि प्रामाणिकही. झाकणारे चित्र मूळच्या दुप्पट-तिप्पट मोठे आणि त्याहून गडद करावे लागेल, असे त्याने सांगितले, आणि ताज्या जखमेवर सुई लावायला साफ नकार दिला. त्याने दाखवलेला गरुड देखणा होता, परंतु सैन्याच्या दृष्टीने नावाच्या जागी गरुड आला तरी दंडावर टॅटू तो टॅटूच. दुसरा मार्ग ऑनलाइन मिळणाऱ्या टॅटू घालवण्याच्या क्रीमचा. टॅटूची शाई त्वचेच्या वरच्या थरात नसते. ती खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल असते. जी क्रीम सौम्य असते ती तिथपर्यंत पोहोचतच नाही, आणि जिच्यात तीव्र आम्ल असते ती शाईआधी कातडी जाळते. घासणीने जे केले, तेच ती अधिक पैसे घेऊन करते. याखेरीज तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

डॉक्टरांची पहिली भेट हा या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग ठरला. त्यांनी आधी जखम पाहिली, मग त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, “गोंदवायला किती वेळ लागला होता?” तो म्हणाला, “पाऊण तास.” “काढायला दीड वर्ष लागेल. आणि आज तर मी हातही लावणार नाही.” जखम पूर्ण भरून कातडी स्थिरावल्याशिवाय, म्हणजे किमान तीन महिने, लेझर वापरायचा नाही हे वैद्यकीय कारण त्यांनी नीट समजावले. परंतु त्याच्यासोबत त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो त्यांच्या फीमध्ये मोडत नव्हता: हे भरतीसाठी काढायचे आहे की तिच्यावरच्या रागाने? भाचा काही बोलला नाही. “राग असेल तर तीन महिन्यांनी तो किती उरलाय ते बघ. भरतीसाठी असेल तर तेव्हाही तुझं उत्तर हेच असेल,” असे सांगून त्यांनी आम्हाला चक्क परत पाठवले. समोर पैसे द्यायला तयार असलेले गिऱ्हाईक परत पाठवणारा व्यावसायिक कॉलेज रोडच्या परिसरात मला तरी क्वचितच भेटला आहे.

भरतीचा मुद्दा खरा होता. सैन्याच्या भरतीच्या नियमांप्रमाणे कायमचा टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूस, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागील बाजूस चालतो. शरीरावर अन्यत्र असल्यास उमेदवार बाद होतो. आदिवासी समाजांतील परंपरागत गोंदणाला त्यात सवलत आहे. म्हणजे हेच नाव वीतभर खाली, आतल्या बाजूस गोंदवले असते तर भाच्याची धावपळ वाया जाण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. पण मित्रांना बाही वर करून दाखवता यावे, एवढाच विचार त्या वेळी झालेला होता.

त्या सक्तीच्या तीन महिन्यांत मी या विषयावर बरेच वाचले, आणि डॉक्टरांची ही पद्धत केवळ स्वभावाची नसावी असे मला वाटू लागले. इटलीतील पिसा विद्यापीठाच्या डोनातेल्ला माराझ्झिती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली नुकत्याच प्रेमात पडलेल्या 20 जणांचे रक्त तपासले. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या वहनाशी संबंधित असलेले एक प्रथिन त्यांच्यात कमी आढळले, आणि ते जवळपास तेवढ्याच प्रमाणात कमी होते जेवढे मंत्रचळाने ग्रासलेल्या रुग्णांत होते. एकच विचार पुन्हा पुन्हा येणे, तो हटवता न येणे आणि त्यापायी एखादी कृती केल्यावाचून चैन न पडणे, ही दोन्हींतली सारखी खूण. त्यांतील काहींची 12 ते 18 महिन्यांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा ते प्रमाण पूर्ववत झालेले होते. दुसरा अभ्यास हेलन फिशर आणि सहकाऱ्यांचा, 2010 सालचा. नुकताच नकार मिळालेल्या आणि तरीही त्याच व्यक्तीवर प्रेम असलेल्या 15 जणांना तिचे छायाचित्र दाखवून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले असता, कोकेनच्या तलफेशी जोडले गेलेले भागही त्यात उद्दीपित झालेले दिसले. दोन्ही नमुने लहान आहेत, त्यामुळे त्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. परंतु नकारानंतरही ओढ का संपत नाही, उलट का वाढते, आणि शहाण्या घरातला मुलगा रात्री घासणी का हातात घेतो, याचे काहीएक उत्तर त्यांत मिळते. तलफ आलेल्या माणसाला उपदेश करून उपयोग नसतो, त्याला वेळ काढून द्यावा लागतो. डॉक्टरांनी तेच केले.

तीन महिन्यांनी भाचा आपण होऊन म्हणाला, “मावशी, चल, सुरू करू.” आवाजात घाई नव्हती. तेव्हाही डॉक्टरांनी पूर्ण नावावर लेझर मारला नाही. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत रंगद्रव्य अधिक असते आणि लेझरची ऊर्जा शाईबरोबर तेही शोषून घेते, त्यामुळे पांढरे किंवा काळपट डाग पडण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असतो. म्हणून आधी एका अक्षराच्या वेलांटीवरच, नखाएवढ्या जागेत, चाचणी घेतली आणि सहा आठवडे थांबून त्वचा कशी प्रतिसाद देते ते पाहिले. काळ्या अक्षरांसाठी 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर आणि लाल बदामासाठी त्याच यंत्रातील 532 नॅनोमीटरचा किरण वापरतात. यांपैकी पहिला सावळ्या त्वचेला अधिक सुरक्षित मानला जातो, तर लाल रंगाच्या वेळी अधिक सावध राहावे लागते. हिरवा वा आकाशी रंग असता तर वेगळे यंत्र लागले असते, असे डॉक्टर म्हणाले. टॅटू असलेल्यांनी क्लिनिक निवडताना ‘तुमच्याकडे कोणता लेझर आहे आणि माझ्या रंगाला तो चालतो का’ हा प्रश्न आधी विचारावा.

प्रत्यक्ष सिटिंग पाच-सात मिनिटांचे असते. त्याआधीचा तास सुन्न करणारे क्रीम लावून त्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा गुंडाळून बसण्यात जातो. डोळ्यांवर जाड संरक्षक चष्मे सर्वांना, मलासुद्धा, घालावे लागले आणि त्यात कोणी ढिलाई केली नाही. यंत्राचा ‘चट् चट्’ असा आवाज येतो, केस जळल्याचा हलका वास येतो आणि किरण जिथे पडेल तिथले अक्षर क्षणात पांढरे पडते, जणू कोणी त्यावर खडूने गिरवले आहे. नाव पुसले गेले असे वाटून भाच्याच्या चेहऱ्यावर पहिल्या वेळी जो आनंद दिसला, तो अर्ध्या तासात ओसरला, कारण तो पांढरेपणा त्वचेत तयार झालेल्या वायूच्या बुडबुड्यांचा असतो आणि तो विरला की अक्षरे जवळपास जशीच्या तशी उरतात. हे आधी सांगितले जायला हवे होते. सिटिंगनंतर दोन दिवस फोड येतात, ते फोडायचे नाहीत. उन्हात दंड उघडा टाकायचा नाही, हे धावणाऱ्या मुलाला नाशिकच्या एप्रिलमध्ये पाळणे कठीण जाते.

दोन सिटिंगांमध्ये एवढा काळ का, हे समजून घेतल्यावरच मलाही धीर आला. लेझर शाई काढत नाही. तो तिच्या कणांचे आणखी बारीक तुकडे करतो आणि ते वाहून नेण्याचे काम शरीरालाच करावे लागते. फ्रान्समधील मार्सेयच्या संशोधकांनी 2018 साली उंदरांवर दाखवून दिले की त्वचेतील भक्षक पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात, त्या पेशी मेल्या की नव्या पेशी तेच कण पुन्हा गिळतात आणि टॅटू म्हणून टिकून राहतो. त्या चक्रातून निसटलेले बारीक कण लसिकावाहिन्यांतून हळूहळू दूर जातात. इटलीतच 352 जणांवर झालेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 10 सिटिंगांनंतर सुमारे 47 टक्के आणि 15 सिटिंगांनंतर सुमारे 75 टक्के लोकांचे टॅटू यशस्वीपणे निघाले होते. आठ आठवडे किंवा त्याहून कमी अंतराने उपचार घेणाऱ्यांत यश कमी होते, आणि धूम्रपान करणाऱ्यांत तर बरेच कमी. डॉक्टरांनी भाच्याला विचारले, “सिगारेट ओढतोस का?” भाच्याने माझ्याकडे पाहिले, मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिले. त्यानंतर ती सुटली असे तो सांगतो आणि मी त्यावर विश्वास ठेवते.

सिटिंगांची संख्या आधी अंदाजण्यासाठी 2009 सालापासून वापरात असलेली कर्बी-देसाई गुणपद्धती आहे. तिच्यात त्वचेचा प्रकार, टॅटूची जागा, शाईचे प्रमाण, रंग, एकावर एक गोंदलेले थर आणि व्रण यांना गुण देतात. डॉक्टरांनी हे गणित आमच्यासमोर कागदावर मांडले. त्यात घासणीच्या व्रणामुळे गुण वाढले, म्हणजे तिला विसरण्यासाठी एका रात्रीत केलेल्या त्या उद्योगाने तिचे नाव त्याच्या दंडावर आणखी काही महिने राहणार होते. भाचा त्यावर हसला. हे सगळे सुरू झाल्यापासून तो पहिल्यांदाच हसला.

आता तक्रारी. पहिली काउंटरची. प्रतीक्षाकक्षात मुरुमांपासून केसगळतीपर्यंत सर्व प्रकारचे रुग्ण बसलेले असतात आणि त्यांच्यासमोर “नाव काढायचंय ते कोण? आत या” असा पुकारा होतो. सगळी बाके वळून पाहतात. ज्या कारणासाठी माणूस चोरून आला आहे ते कारणच मोठ्याने जाहीर करणे हे अपमानास्पद आहे, आणि हे सांगूनही पुढच्या खेपेला पुन्हा तसेच झाले. टोकन क्रमांकाने बोलावले तर एक रुपयाचाही खर्च वाढणार नाही.

दुसरी तक्रार पैशांची. एका सिटिंगचे 3,000 रुपये, क्रीमचे वेगळे, हा दर मला अवाजवी वाटला नाही. परंतु आत डॉक्टर आठ ते दहा सिटिंगांचा अंदाज देत असताना बाहेर सहा सिटिंगांचे 15,000 रुपयांचे पॅकेज ‘पूर्ण काढण्याचे’ म्हणून पुढे केले जाते आणि ते आगाऊ भरण्याचा आग्रह होतो. सहानंतर काय, याचे उत्तर तिथे कोणाकडे नव्हते. प्रेमभंगातून आलेला मुलगा ‘पूर्ण’ हा शब्द ऐकून कर्ज काढूनही पैसे भरेल, याची त्या काउंटरला चांगली कल्पना असणार. आम्ही प्रत्येक वेळी वेगळे पैसे भरतो, आणि इतरांनीही तेच करावे असे मी सुचवीन. संमतीपत्र केवळ इंग्रजीत आहे, हीदेखील नाशिकमधल्या क्लिनिकला न शोभणारी गोष्ट. डाग पडण्याची शक्यता मराठीत लिहिलेली असायला हवी.

तिसरी बाब मला सर्वांत गंभीर वाटते. माहितीच्या फॉर्मवर ‘व्रण स्वतः केलेला आहे का’ असा प्रश्न आहे आणि भाच्याने तिथे ‘हो’ अशी खूण केली. डॉक्टरांनी आपण होऊन त्याच्याशी बोलून पाहिले, हा त्यांचा चांगुलपणा. क्लिनिकची व्यवस्था म्हणून त्या खुणेनंतर काहीच घडत नाही, समुपदेशकाचे नाव नाही की पत्ता नाही. नाव गोंदवणे हा प्रेमातला त्यातल्या त्यात निरुपद्रवी अतिरेक झाला. ब्लेडने अक्षरे कोरून घेणारी, उदबत्तीचे चटके देऊन घेणारी मुले-मुलीही शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडेच येतात, कारण घरी दाखवता येत नाही ते तिथे दाखवता येते. लेझरने शाई जाते, कापल्याचे व्रण जात नाहीत. ते फार तर काहीसे फिके करता येतात. त्यामुळे अशा रुग्णाला लेझरची तारीख देण्याआधी बोलण्याची जागा दाखवणे हे क्लिनिकचे काम आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, 14416 या क्रमांकावर ती चोवीस तास मोफत मिळते आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक मी एका कागदावर लिहून काउंटरवर दिला. तो फॉर्मवर छापायला फारसा त्रास होऊ नये.

सध्याची स्थिती अशी आहे की वेलांटी पूर्ण गेली आहे, अक्षरे राखाडी झाली असून अनोळखी माणसाला ती आता वाचता येत नाहीत, आणि लाल बदाम अक्षरांआधीच दिसेनासा झाला. घासणीची जागा मात्र आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फिकट राहील, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. भरतीच्या वेळी ती व्रण म्हणूनच पाहिली जाईल, टॅटू म्हणून नव्हे, अशी आमची आशा आहे.

ज्यांना हे क्लिनिक शोधायचे असेल त्यांनी डॉक्टरांच्या वेळेत, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दुपारी जावे, कारण शनिवारी संध्याकाळी तिथे बसायलाही जागा नसते आणि गाडी लावायला तर त्याहून नसते. अंदाज लेखी घ्यावा, चाचणीसाठी आग्रह धरावा, आणि नातेसंबंध तुटून महिना-दोन महिनेच झाले असतील तर तिथून परत पाठवले जाण्याची तयारी ठेवावी. पॅकेजमध्ये सहानंतरच्या सिटिंगांचे काय, हा प्रश्न मी त्यांच्याकडे लेखी दिला आहे. त्याचे उत्तर आले तर इथे त्याची भर घालीन.